कुलूप कोणासाठी?

पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हा व्यवहारातला जुना व सर्वमान्य नियम आहे. सायकल घेणाऱ्याने तिला मागे कॅरिअर बसवावे की पुढे टोपली, हे कारखानदार ठरवीत नाही. शिवणयंत्रावर पोलकी शिवावीत की पिशव्या, हेही कोणी विचारीत नाही. संगणकाच्या युगात मात्र या नियमाला मुरड पडली असून, हातात मावणाऱ्या खेळयंत्रांच्या बाबतीत ती सर्वांत ठळकपणे दिसते. यंत्र ग्राहकाचे, पण त्यावर कोणता प्रोग्रॅम चालावा, हे ठरविणार कंपनी. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्याच यंत्रावर चालविणे हा या जगात आगाऊपणा समजला जातो आणि काही देशांत कायद्याचा भंगही ठरतो.

अशा घरगुती प्रोग्रॅमना ‘होमब्रू’ म्हणतात. हा शब्द मूळचा घरी केलेल्या बिअरचा. पण संगणकाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब नावाचे हौशी मंडळ निघाले. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपलचा पहिला संगणक १९७६ साली याच मंडळींपुढे मांडला. ज्या उद्योगाला आज हौशी माणसाच्या हातातील स्क्रू-ड्रायव्हरची धास्ती वाटते, तो उद्योगच अशा हौशी माणसांनी उभा केला आहे, याचा विसर पडणे बरे नव्हे.

सोनी कंपनीच्या पीएसपी या यंत्राची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. डिसेंबर २००४ मध्ये ते जपानमध्ये विक्रीस आले. कंपनीने मान्य केलेल्या प्रोग्रॅमवर एक सांकेतिक सही असते. यंत्र आधी ती तपासते आणि सही नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही, अशी ही योजना. पण पहिल्या जपानी यंत्रांत ही तपासणी ढिली होती. मे २००५ मध्ये हौशी मंडळींनी आपला पहिला चिमुकला प्रोग्रॅम त्यावर चालविला आणि महिन्याभरात पुढच्या आवृत्तीवरही वाट काढली. सप्टेंबरमध्ये तर एका चित्राच्या फाइलमधून यंत्रात शिरकाव करण्यात आला. मग पुस्तके वाचण्याचे, संगीत रचण्याचे, जुन्या संगणकांची नक्कल करणारे प्रोग्रॅम या यंत्रासाठी तयार झाले. ते लिहिणारे बहुतेक जण मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहीत होते.

कंपनीने एकेक फट बुजविण्यास आरंभ केला. तिची रीत मासलेवाईक होती. यंत्राच्या पोटातील मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती काढावयाची, तीत एखादी नवी सोय द्यावयाची आणि त्याच हाताने जुनी वाट बंद करावयाची. इंटरनेट पाहण्याची सोय हवी, तर नवी आवृत्ती घ्या. नवा खेळ खेळावयाचा, तरीही तीच घ्या. जून २००७ मध्ये ‘लुमिनेस’ या जुन्या खेळातील एक उणीव हौशी मंडळींच्या हाती लागली, तेव्हा त्या खेळाच्या तबकड्यांना एकाएकी मागणी आली. कंपनीने लगोलग तीही वाट बुजविली. उंदीर-मांजराचा हा खेळ वर्षानुवर्षे चालला.

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी आहे, असे नव्हे. यंत्र अल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकावयाचे आणि खेळांच्या विक्रीतून भरपाई करावयाची, हे या धंद्याचे गणित आहे. हौशी माणसाने उघडलेल्या दारातून चोरही आत येतो, हे तर नाकारता येणारच नाही. निन्टेन्डोच्या डीएस यंत्रासाठी ‘आर-फोर’ नावाची कार्डे बाजारात आली. त्यांवर घरगुती प्रोग्रॅम चालत हे खरे; पण त्यांचा खप झाला तो मुख्यतः चोरलेल्या खेळांसाठी. फेब्रुवारी २००९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्या विक्रीला मनाई केली. एखाद्या खेळामागे अनेकांचे वर्षावर्षांचे श्रम असतात. ते फुकटात लाटणाऱ्यांची बाजू कोणी घेऊ नये. तथापि प्रश्न चोराला शिक्षा असावी की नसावी, हा नाहीच. चोर आणि घरधनी यांना कायद्याने एकाच दोरीने बांधावे काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील न्यायालयांनी एके काळी या प्रश्नाचे उत्तर विवेकाने दिले होते. सेगा कंपनीच्या यंत्रावर आपले खेळ चालावेत म्हणून अ‍ॅकोलेड या कंपनीने त्या यंत्राच्या प्रोग्रॅमची उकल केली. हे कृत्य रास्त वापरात मोडते, असा निर्णय १९९२ साली अपील न्यायालयाने दिला. २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यातही तेच तत्त्व उचलून धरण्यात आले. पण दरम्यान १९९८ च्या नव्या कायद्याने कुलूप उघडणे हीच आगळीक ठरविली होती. आतली वस्तू चोरली की नाही, याला गौण स्थान मिळाले. त्यातून सूट हवी असेल, तर दर तीन वर्षांनी अर्ज करावयाचा. परिणामी २०१० साली मोबाइल फोन मोकळा करण्यास परवानगी मिळाली, तर २०१२ साली खेळयंत्रांना ती नाकारण्यात आली. दोन्ही वस्तू अंतर्यामी संगणकच. पण एकीचा मालक मोकळा आणि दुसरीचा बांधलेला!

भारताचा कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घालण्यात आले. तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र ते हक्कभंगाच्या हेतूने मोडलेले असले पाहिजे. शिवाय रीतसर मिळविलेल्या प्रोग्रॅमचे कार्य कसे चालते, याचे निरीक्षण व अभ्यास करण्यास ५२ व्या कलमाने मुभा दिली आहे. हेतू पाहून दोष ठरविण्याची ही दृष्टी जपली पाहिजे.

दुसरी एक बाब याहूनही निकडीची आहे. कंपनी यंत्राची आयुष्यभर सोबत करीत नाही. पीएसपीवरून खरेदी करण्याची उरलीसुरली सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली. निन्टेन्डोच्या थ्रीडीएसचे दुकान मार्च २०२३ मध्ये मिटले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची जाळ्यावरील सेवाही थांबली. यंत्रे धडधाकट आहेत. पडदा उजळतो, कळा दाबल्या जातात. पण धनी निघून गेला आणि जाताना किल्ली घेऊन गेला, अशी त्यांची अवस्था आहे. अशा यंत्रात आज जीव उरला असेल, तर तो बव्हंशी घरगुती प्रोग्रॅमवाल्यांच्या उपद्व्यापामुळे. ज्या वस्तूतून कंपनीला काही मिळवावयाचे उरलेले नाही, तिच्यावरही पहारा ठेवण्यात कोणाचे हित साधते?

कुलूप घालूनही हौशी माणसासाठी एक दार राखता येते, हे खुद्द कंपन्यांनीच दाखवून दिले आहे. याच सोनीने नव्वदीच्या दशकात ‘नेट यारोझे’ नावाचे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन हौशी प्रोग्रॅमरांसाठी काढले होते. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली आपल्या एक्सबॉक्सवर स्वतःचे प्रोग्रॅम चालविण्याची रीतसर सोय केली. २०२२ साली आलेल्या ‘प्लेडेट’ या चिमुकल्या यंत्रावर तर कोणीही आपला खेळ लिहून घालू शकतो. त्यामुळे या उद्योगावर आकाश कोसळल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून मागणी माफक आहे. चोरलेला खेळ विकणाऱ्याला शासन व्हावे. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालविणाऱ्याला होऊ नये. आणि विक्री व सेवा दोन्ही आटोपल्यावर कंपनीने यंत्राची किल्ली ग्राहकाच्या स्वाधीन करावी. ती न केल्यास कायद्याने करावयास लावावी. यात शिक्षणाचाही प्रश्न गुंतलेला आहे. प्रोग्रॅम कसा लिहावा, हे फळ्यावर शिकविता येते. पण आपण लिहिलेल्या चार ओळींनी हातातले यंत्र हलले, यातून मिळणारी गोडी फळा देऊ शकत नाही. पुढच्या पिढीने यंत्रांचे केवळ गिऱ्हाईक न होता त्यांचे जाणकार व्हावे, असे वाटत असेल, तर तिला ती उघडून पाहू दिली पाहिजेत. कुलूप चोरासाठी असते. ते विद्यार्थ्याच्या तोंडावर लावण्याचे कारण नाही.