सात वाजतांचा भोंगा

मुलें मोबाइलच्या नादीं लागलीं, ही तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. तक्रार खरी आहे. परंतु सारा दोष मुलांच्या मनोनिग्रहावर टाकणें न्याय्य नाहीं. प्रतिपक्ष कोण आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पुस्तकाचें प्रकरण संपतें. तेथें मन क्षणभर थांबतें आणि उठावें कीं वाचावें, याचा विचार करूं शकतें. मोबाइलच्या पडद्याला असा शेवटच ठेवलेला नाहीं. बोटानें सरकवीत राहावें, नवें येतच राहतें. ही युक्ति २००६ सालीं अमेरिकेंतील अझा रास्किन यांनीं काढली, आणि पुढें तिचे परिणाम पाहून त्यांनींच जाहीर खेद व्यक्त केला. दुसरी युक्ति अनिश्चिततेची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं चोंच मारल्यावर दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, म्हणजे पांखरूं अधिक चिवटपणें चोंच मारीत राहतें. निरोप आला असेल, कोणीं वाखाणणी केली असेल, या आशेनें आपलें बोट तरी दुसरें काय करतें? आपली दृष्टि जितका वेळ तेथें खिळेल, तितक्या जाहिराती दाखवितां येतात. कंपन्यांचें उत्पन्न त्यांवरच चालतें.

कठोपनिषदांत इंद्रियांना घोडे, मनाला लगाम, बुद्धीला सारथि आणि विषयांना घोड्यांचे मार्ग म्हटलें आहे. आजची नवलाई अशी, कीं घोड्यांना थांबण्यास जागाच मिळूं नये, अशा बेतानें कुशल माणसांनीं तो मार्ग आंखला आहे. एकट्या सारथ्याचें बळ तेथें अपुरें पडतें.

हें आमच्या सांगली जिल्ह्यांतीलच एका गांवानें ओळखलें. कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचें वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें, शेतकऱ्यांचें व साखर कारखान्यांतील कामगारांचें गांव. कोविडच्या सांथींत शाळा मोबाइलवर भरली. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातून यंत्र सुटेना. तेव्हां सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें १४ ऑगस्ट २०२२ रोजीं गांवानें सभेंत निर्णय केला. दुसऱ्या दिवसापासून सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजूं लागला. तो वाजतांच मोबाइल व टेलिव्हिजन बंद; साडेआठ वाजतां पुन्हां भोंगा, मग मोकळीक. आरंभीं गांवांतील मंडळींना घरोघर फिरून लोकांचें मन वळवावें लागलें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतु दोहोंचा स्तुत्य. परंतु कुटुंबांत अनुकरण करावयाचें तर वडगांवचें करावें. तेथें भोंगा आजोबांनाही होता. आमच्या घरांतून आजोबा बातम्या पाहत असतात, सासूबाई मालिकेंत गुंतलेल्या, चिरंजीव कचेरीचे निरोप वाचीत, आणि नातवाला मात्र सर्वजण सांगतात, "अभ्यासाला बैस!" त्यानें हें कां ऐकावें?

आपल्याकडे दिवेलागण ही पूर्वींपासूनच दिवसाची एक सीमा आहे. तिच्यापासून जेवणापर्यंतची वेळ घरानें ठरवून घ्यावी. सर्वांचीं यंत्रें एका फडताळांत ठेवावींत. अडीअडचणीच्या निरोपासाठीं एकाच यंत्राची घंटा चालूं असावी, म्हणजे कचेरीची सबब उरत नाहीं. इतर वेळींही अनावश्यक सूचनांचे आवाज बंद करावे, आणि रात्रीं यंत्र उशाशीं घेऊं नये. मोकळ्या झालेल्या वेळेला काम मात्र दिलें पाहिजे: पाढे, वाचन, पत्त्यांचा डाव, निदान गप्पा. रिकामा हात पुन्हां फडताळाकडेच जातो.

आरंभ वडिलांनीं करावा. आज सायंकाळीं घरांतील सर्वांत ज्येष्ठ माणसानें आपलें यंत्र प्रथम ठेवावें; नातवंडांना सांगण्याची वेळ त्यानंतर.