सायकलचे सुटे भाग आणि आपले सांधे



जाड टायरांची, पुढे शॉकअप असलेली सायकल आज अनेक घरांच्या जिन्याखाली उभी दिसते. कोणी ती दहावीच्या निकालानंतर मुलासाठी घेतलेली असते, तर कोणी रक्तातील साखर वाढल्याचे कळल्यावर स्वतःसाठी. पुढे शॉकअप आणि मागे मात्र कडक सांगाडा, अशा या प्रकारास ‘हार्डटेल’ म्हणतात. पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळणारी ही सायकल भक्कम असते. परंतु किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी तिचे बरेचसे भाग साधे बसवलेले असतात. सहा महिन्यांनी चालवणारा कुरकुरू लागतो आणि ‘काहीतरी चांगले बसवून घेऊ’ हा विचार घरात सुरू होतो.

या खर्चाचा डॉक्टरशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. संबंध असा, की ही कुरकुर दुकानात पोहोचण्यापूर्वी बहुधा दवाखान्यात पोहोचते. करंगळीला मुंग्या येतात, गुडघा समोरून दुखतो, बसण्याची जागा बधिर होते; आणि कधी उतारावर पडल्याने मनगट सुजलेले असते. या प्रत्येक तक्रारीमागे सायकलचा एखादा विशिष्ट भाग असू शकतो. तो ओळखला, तर थोडक्या पैशांत काम होते. ओळखला नाही, तर सर्वांत महाग भाग बदलूनही दुखणे तसेच राहते आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाते.

म्हणून माझा आग्रह एका क्रमाचा आहे. शरीर सायकलला जिथे टेकते आणि सायकल रस्त्याला जिथे टेकते, तिथे पैसा आधी लावावा. डोळ्यांत भरणाऱ्या भागांवर नंतर.

बसण्याची जागा

सीटची उंची नीट करण्यास काहीच खर्च येत नाही, म्हणून आरंभ तिथून करावा. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, की गुडघा सरळ व्हावयास हवा. मग पंजाच्या पुढील भागाने पॅडल मारताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीमागे ताण येतो. फार वर असेल तर गुडघ्याची मागची बाजू दुखते आणि कंबर दोन्ही बाजूंना हेलकावे खाते. उंच व्यक्तीस सीटची नळी अपुरी पडते. नळीवर कोरलेली मर्यादेची खूण कधीही बाहेर दिसता कामा नये. तशी वेळ आली तर त्याच व्यासाची लांब नळी घ्यावी. हा बदल स्वस्त आहे आणि गुडघ्यांसाठी मोलाचा आहे.

बसण्याची जागा बधिर होत असेल, तर बहुतेक जण जाड, मऊ आवरण आणतात. येथे गल्लत होते. आपला भार कटीच्या खालच्या दोन हाडांवर पडावयास हवा. फार मऊ गादीत ती हाडे रुततात, मधला भाग वर येतो आणि तेथील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्या दोन हाडांमधील अंतराला पुरेल इतकी रुंद, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी घट्ट सीट अधिक हितकर. तिचे टोक वर उचललेले नसावे. एवढे करूनही बधिरपणा उतरत नसेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

हात आणि मनगट

करंगळी आणि तिच्या शेजारील अर्धे बोट बधिर होणे, ही सायकलस्वारांची जुनी तक्रार आहे. तळहाताच्या करंगळीकडील बाजूस मनगटाजवळ एका अरुंद वाटेतून ‘अल्नर’ नस जाते. हँडलवर भार टाकल्याने ती तिथे दाबली जाते. स्वस्त सायकलीच्या मुठी बारीक, गोल आणि कडक असतात. तळव्याला पसरट आधार देणाऱ्या मुठी आणि पातळ गादीचे हातमोजे हा उपाय परवडणारा आहे. ब्रेकचे दांडे असे फिरवून घ्यावेत, की त्यांवर बोटे ठेवताना मनगट वर वाकणार नाही. हँडल दूर वाटत असेल, तर ते धरणारा जोड, म्हणजे ‘स्टेम’, आखूड आणि किंचित वर उचललेला बसवता येतो.

सायकलवरून उतरल्यानंतरही मुंग्या टिकल्या किंवा पकड सैल वाटली, तर दुकान बदलू नका, तपासणी करून घ्या. मधुमेह असलेल्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांच्या बधिरपणाचे कारण सायकलबाहेर असू शकते.

गुडघ्यासाठी गिअर

चढावर जड गिअरात दात-ओठ खाऊन पॅडल दाबणे म्हणजे व्यायाम नव्हे. हलक्या गिअरात, मिनिटाला ७०-८० फेरे होतील अशा बेताने पाय चालवल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो. या सायकलींच्या मागील फ्रीव्हीलमध्ये बहुधा १४ ते २८ दात्यांच्या सात चकत्या असतात. त्याऐवजी १४ ते ३४ दात्यांचे सात चकत्यांचेच फ्रीव्हील मिळते. सर्वांत मोठी चकती २८ ऐवजी ३४ दात्यांची झाली, की तोच चढ चढताना पॅडलवर सुमारे १८ टक्के कमी जोर लागतो. सिंहगडाच्या घाटात हा फरक पायांना तत्काळ कळतो. मागचा गिअर बदलणारा भाग ३४ दाते पेलतो का, एवढे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. सोबत चेनही नवी, योग्य लांबीची बसवावी. आठ-नऊ गिअरांचा मोह मात्र टाळावा. त्यासाठी बहुधा मागचे हब किंवा अख्खे चाकच बदलावे लागते.

ब्रेक आणि टायर

या प्रकारच्या सायकलीचा जन्मच मुळी जुन्या सायकलींत सुधारणा करण्यातून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या उतारांवर उतरत. तेथील एका शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले; पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. एकाच उतरणीत मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ‘रिपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे. त्या तरुणांनी जुन्या सायकलींना बसवले ते जोरकस ब्रेक आणि गिअर. पुढचा शॉकअप अशा सायकलींवर रूढ झाला तो १९९०च्या दशकात. हा क्रम आपणही उलटू नये.

केबलने चालणारा डिस्क ब्रेक वाईट नसतो. बहुधा त्याची देखभाल झालेली नसते. आतली तार आणि बाहेरचे आवरण नवे घातले, पॅड बदलले, की तोच ब्रेक निराळा वाटू लागतो. चेनला तेल देताना डिस्कवर थेंब उडू देऊ नये; तेल शोषलेले पॅड टाकून द्यावे लागतात. हायड्रॉलिक ब्रेक नक्कीच सरस, पण ती पुढची पायरी आहे. उतारावर केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. दोन्ही थोडे थोडे वापरावेत आणि बूड मागे न्यावे.

टायरच्या बाजूवर छापलेला हवेचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. ठासून हवा भरलेला टायर प्रत्येक खड्डा मनगटाला आणि कमरेला सांगतो. छापलेल्या मर्यादांच्या आत राहून, वजन आणि रस्ता पाहून हवा कमी-जास्त करावी. ज्यांची सायकल डांबरी रस्त्यावरच चालते, त्यांनी जाड गोट्यांचे टायर काढून मधोमध गुळगुळीत असलेले टायर घालावेत. दम कमी लागतो. पावसाळ्यापूर्वी रबराला भेगा पडल्या आहेत का, हेही पाहावे.

शॉकअप शेवटी

तरुण मुलांचा हट्ट असतो तो नेमका याचा. स्वस्त शॉकअपमधील स्प्रिंग एका ठरावीक वजनासाठी केलेली असते. पंचेचाळीस किलोच्या मुलाच्या भाराने ती पुरेशी दबतही नाही. हवेवर चालणारा शॉकअप वजनाप्रमाणे जुळवता येतो, हे खरे. परंतु तो सांगाड्याच्या पुढील नळीत, चाकात आणि ब्रेकच्या जागी बसावा लागतो, आणि त्याची हालचाल मूळ शॉकअपहून फार अधिक असेल तर सायकलचा पुढचा भाग उचलला जाऊन हँडलचे वळणे बिघडते. त्याची किंमतही पुष्कळदा मूळ सायकलीच्या किमतीजवळ जाते. डोंगरातील वाटांचा खराच नाद लागला असेल, तर ते पैसे साठवून पुढे चांगली सायकल घेणे शहाणपणाचे.

या सर्व खर्चांच्या आधी हेल्मेट हवे. ‘ईएन १०७८’ या मानकाची खूण पाहून घ्यावे, भुवयांच्या वर दोन बोटे राहतील असे सपाट घालावे आणि एकदा जोराचा मार बसला, की वरून धड दिसले तरी बदलावे. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी खोलगट जागेत दाबून दुखत असेल, तर ‘मुरगळले’ म्हणून तेल चोळू नये. तेथील छोटे हाड मोडल्याचे पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. आणि चाळिशी ओलांडलेल्यांनो, चढावर छाती आवळली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर दोष गिअरचा नसतो. तिथेच थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा.

शेवटी एक सूचना, जी औषधांनाही लागू पडते. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन आठवडे सायकल चालवून पाहावी. सीट, मुठी आणि हँडल एकाच दिवशी बदलले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि दुखणे वाढले तर कशाने वाढले, तेही कळत नाही. उंची कोणत्या दिवशी किती वाढवली, हवा किती भरली, कुठे दुखले, हे एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आलीच, तर ती वही सोबत न्या.