कमलकुमारी कोण आणि रामाजी अनंत कोण?

संपादक महाशय,

यंदाच्या शिवजयंतीस आमच्या बोरी गांवांत मुलांचीं भाषणें झालीं. सातवींतली एक कुणब्याची पोर उभी राहिली आणि सिंहगडची लढाई तिनें अशी कांहीं रंगविली कीं, पारावर बसलेले म्हातारे तंबाखू मळायची विसरले. लढाई कां झाली? तर उदयभानूनें कमलकुमारी नांवाच्या रजपूत बाईला जबरीनें गडावर आणून ठेविली होती, तिची सुटका व्हावी म्हणून! टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीनें मीहि टाळ्या वाजविल्या. मागाहून पोरीला जवळ बोलावून विचारलें, "बाई, ही कमलकुमारी तुला कोठें भेटली?" ती म्हणाली, "गुरुजी, इतिहासांतच आहे कीं. सिनेमांत सुद्धां दाखविली आहे."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पोरीची चूक असती तर झोंपलों असतों. चूक पोरीच्या बापाची नाहीं, आज्याची नाहीं. आम्हां शिकविणारांची आहे, आणि ज्यांच्या लेखणीनें आमच्या डोक्यांत ही बाई बसविली त्या कै. हरि नारायण आपटे यांची थोडी आहे. त्यांच्याविषयीं आज चार शब्द उघड लिहावयाचे आहेत.

प्रथम इतिहास काय म्हणतो तें पाहूं. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारचा माणूस. राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस बसून त्यानें बखर लिहिली. तींत तानाजी आहे, सूर्याजी आहे, उदेभान आहे, कमलकुमारी नाहीं. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत महाराजांना तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोंगलांस द्यावा लागला. कोंढाणा त्या तेविसांतला. १६७० च्या फेब्रुवारींत तो परत घेतला. किल्ला गेला म्हणजे त्याच्या भोंवतालचीं गांवें गेलीं, गांवांचा सारा गेला, रयतेवर दुसऱ्याचा अंमल बसला. लढाईचें कारण हें. त्यांत पळविलेली बाई घालण्याची गरज महाराजांना नव्हती, तानाजीला नव्हती. ती कादंबरीला होती!

आणखी एक गंमत. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असें आम्ही पोरांना खुशाल सांगतों. पण १६६३ सालच्या पत्रांतच 'सिंहगड' हें नांव आलेलें आहे. तानाजी पडण्याच्या सात वर्षें आधीं! 'गड आला पण सिंह गेला' हें कादंबरीचें नांव मात्र इतकें गोड लागलें कीं, पत्र कपाटांत राहिलें आणि पाटी कादंबरीची लागली.

आतां हे हरिभाऊ कोण? जन्म खानदेशांत पारोळ्यास, ८ मार्च १८६४ रोजीं. शिक्षण पुण्यास. चिपळूणकर, आगरकर, टिळक यांच्या शाळेंतला विद्यार्थी. गणितानें दगा दिला, पदवी मिळाली नाहीं. पण इंग्रजी कादंबऱ्यांचें वाचन अफाट: स्कॉट, रेनॉल्ड्स, मेडोज टेलर. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे मोठे वकील; त्यांनीं पुण्यास आनंदाश्रम काढला, त्याची व्यवस्था हरिभाऊंनीं जन्मभर पाहिली. पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ सालची. १८९० मध्यें 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि तेथून दर आठवड्यास कादंबरीचा हप्ता. 'उषःकाल', 'सूर्योदय', 'केवळ स्वराज्यासाठीं', 'रूपनगरची राजकन्या', 'चंद्रगुप्त', 'वज्राघात'. यादी लांबत जाते. पुणें नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले, १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ३ मार्च १९१९ रोजीं वारले. गडी कष्टाळू, निष्कपट. त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडा उडविणाराला मी जवळ उभा करणार नाहीं.

आणि मी त्यांचा वाचक आहें, हेंहि लपवीत नाहीं. आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. माझ्या आजोबांची शाळा उर्दूंतली. मराठी वाचनाची चटक त्यांना लागली ती हरिभाऊंच्या पुस्तकांनीं. 'उषःकाला'ची ती प्रत, दोन्ही पुठ्ठे गेलेली, आमच्या घरांत अजून आहे. ज्या राज्यांत 'स्वराज्य' हा शब्द मोठ्यानें उच्चारतां येत नव्हता, तेथें कंदिलाखालीं बसून तो शब्द पानापानावर वाचणें म्हणजे काय, हें पुणेंकरांना सांगून कळावयाचें नाहीं. मीं स्वतः ट्रेनिंग कॉलेजांत असतांना 'गड आला' एका रात्रींत वाचून काढली. शेलारमामाच्या ठिकाणीं रडलों. तेव्हां, महाशय, हें लिहिणारा माणूस आपट्यांच्या वाऱ्यास न उभा राहणारा नव्हे.

मग तक्रार काय? ऐका.

ह्याच हरिभाऊंनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिली. त्या पुस्तकांतली यमू आठवा. तिचें माजघर, तिची चूल, सासूचे टोमणे, नवऱ्यानें चोरून शिकविलेलीं अक्षरें, नवरा गेल्यावर न्हाव्यापुढें बसविलेली ती पोर. ब्राह्मणाच्या घरांतल्या बाईचें दुःख हरिभाऊंनीं असें कांहीं पाहिलें कीं, वाचणाराच्या पोटांत कालवतें. आपल्याच घरावर, आपल्याच जातीवर त्यांनीं दिवा धरला. ह्याला छाती लागते, आणि ती त्यांच्यापाशीं होती.

पण तोच दिवा मावळ्याच्या खोपटांत नेतांना त्यांचा हात कां आंखडला? तानाजीच्या घरीं रायबाच्या लग्नाची धांदल त्यांनीं रंगविली, पण नांगर? मावळा बारा महिने मोहिमेवर गेल्यावर त्याचें शेत कोणीं पेरलें? देशमुखाला किती दिलें, पाटलाला किती, सरकारांत किती? दुष्काळ पडल्यावर त्याच्या बायकोनें काय शिजविलें? ज्या माणसानें यमूच्या फडताळांतली भांडीं मोजलीं त्याला मावळ्याची कणगी रिकामी कीं भरलेली हें पाहावयास सवड झाली नाहीं. यमूच्या पुस्तकांत त्यांनीं माणसें पाहिलीं; मावळ्यांच्या पुस्तकांत तरवारी, भुयारें, वेषांतरें, पळविलेल्या राजकन्या आणि बैरागी पाहिले. पहिलें त्यांच्या अनुभवांतून आलें, दुसरें बरेंचसें स्कॉटसाहेबाच्या पेटींतून.

बैराग्यावरून आठवलें. 'उषःकालां'त स्वराज्याच्या गुप्त मसलतीजवळ रामदासी श्रीधरस्वामी उभे आहेत. रामदासांची व महाराजांची पहिली भेट १६७२ च्या सुमाराची, असें कागदपत्रांवरून मानणारे अभ्यासक आहेत. वाद अजून मिटलेला नाहीं. पण जें अभ्यासकांस ठरवितां येत नाहीं तें कादंबरीनें चार पिढ्यांपूर्वींच ठरवून टाकलें! मावळ्याला स्वतःच्या अकलेनें स्वराज्य सुचूं शकतें, एवढी साधी गोष्ट मान्य करावयास त्या काळच्या पुण्याला जड जात होती, असाच ह्याचा अर्थ मी करितों. कोणास राग आला तर येवो.

कोणी म्हणेल, "मास्तर, त्या काळीं शेतकऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच नव्हती. हरिभाऊंना काय बोल लावतां?" दृष्टि नव्हती? त्याच पुण्यांत जोतीराव फुले होते! १८६९ सालीं त्यांनीं शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला, त्यांत राजा कुळवाड्यांचा म्हणून उभा केला. १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांत शेतकऱ्याच्या घराचें वर्णन वाचा, कोपऱ्यांतलें गाडगें सुद्धां सुटलेलें नाहीं. १८८५ सालीं पुण्यास ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. जोतीरावांनीं पत्र धाडून कळविलें कीं, तुमच्या सभांचा व पुस्तकांचा आमच्या लोकांशीं मेळ बसत नाहीं. त्याच साली हरिभाऊंची पहिली कादंबरी निघाली. 'करमणूक' निघालें १८९० सालीं. जोतीराव वारले त्याच वर्षीं, नोव्हेंबरांत. गंजपेठ आणि आनंदाश्रम यांच्यामध्यें फार तर अर्ध्या तासाची चाल. एवढी चाल मराठी कादंबरीनें तेव्हां केली नाहीं.

आतां रामाजी अनंत. हा प्रभावळीचा सुभेदार. १६७६ सालीं महाराजांनीं त्याला पत्र लिहिलें. माझ्या वर्गांत तें मीं आतां दरवर्षीं वाचून दाखवितों. भावार्थ असा: गांवोगांव फीर, कुणबी गोळा कर, ज्याच्यापाशीं माणूसबळ आहे पण बैल नाहींत, नांगर नाहीं, पोटास दाणा नाहीं, त्याला बैलांसाठीं रोख पैसे दे, खंडी दोन खंडी दाणे दे; त्याच्याच्यानें होईल तेवढें शेत करूं दे; आणि दिलेलें परत घेतांना व्याज चढवूं नकोस, मुद्दलच त्याची ऐपत येईल तसतसें हळूहळू घे. रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लावूं नये असा दंडक घालणारा हा राजा! महाशय, आमच्या जिंतूर तालुक्यांत सोयाबीन भिजून गेलें म्हणजे कर्जाचा कागद हातीं धरून बसलेले बाप मीं पाहिले आहेत. त्यांच्या पोरांना कमलकुमारी तोंडपाठ आहे, आणि रामाजी अनंताचें पत्र ठाऊक नाहीं. ह्याचा राग येऊं नये तर कशाचा यावा?

म्हणतील, "कादंबरी ती कादंबरी. तिच्याकडे इतिहास मागणें हा अडाणीपणा." कबूल. हरिभाऊंनीं शपथ घेऊन इतिहास लिहितों असें म्हटलें नव्हतें. पण कादंबरी पुस्तकांत राहिली असती तर ठीक! बाबूराव पेंटरांनीं १९२३ सालीं तिच्यावर 'सिंहगड' बोलपट नव्हे, मुका चित्रपट केला. १९३३ सालीं शांतारामांनीं बोलपट केला. आणि २०२० सालच्या 'तान्हाजी' ह्या हिंदी चित्रपटांत ती बाई नांव थोडें बदलून पुन्हां हजर! शंभर वर्षांत वेष बदलला, बाई गेली नाहीं. दरम्यान सिंहगडच्याच कड्यावरून शिकारींत पडून कमरेखालीं लुळे झालेले नाथमाधव अंथरुणावरून 'स्वराज्या'च्या कादंबऱ्या लिहिते झाले. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार, पण वाट हरिभाऊंनीं घातलेलीच. गोष्टीला पडदा मिळाला कीं ती गोष्ट राहत नाहीं, साक्ष होते. त्यांत शत्रूला बायकांचा चोर केला म्हणजे राज्य, सारा, तह हे सगळे प्रश्न पुसले जातात. मग पोरांना वाटतें, लढाई अब्रूची होती. आणि आज कोणाची अब्रू कोणीं घेतली हें शोधीत तीं मोबाईल घेऊन बसतात. माझ्या वर्गांत मुसलमानांचीं पोरें आहेत. महाराजांच्या आरमारांत दौलतखान होता, हें त्यांना मास्तरानें सांगितलें नाहीं तर कोण सांगेल? सिनेमावाला?

परंतु हरिभाऊंवर खापर फोडून आपण मोकळे होऊं म्हटलें तर तें जमणार नाहीं. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं १९०७ सालीं मराठींत महाराजांचें मोठें चरित्र छापलें. हे केळूसकर मराठा, आणि आमच्यासारखे मास्तरच. मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या हातीं बुद्धाचें चरित्र देणारे तेच. त्यांचें पुस्तक आपल्यापैकीं किती घरांत आहे? आपली माणसें जयंतीच्या वर्गणींतून ध्वनिवर्धकाचें भाडें देतात, पुस्तकाला पैसे मागितले कीं "पुढच्या वर्षीं पाहूं" म्हणतात. आणि आपल्यांतून कोणी लिहिता झालाच तर तोहि तेंच लिहितो. घोडा, तरवार, राजकन्या. जिजाऊंचें माहेर सिंदखेड. आमच्या जिंतुराहून फार दूर नाहीं. लखुजी जाधवांची १६२९ सालीं देवगिरीच्या दरबारांत हत्या झाली. मोंगली मुलखांतल्या जालन्यावर स्वतः महाराज १६७९ सालीं चालून आले. ह्या मराठवाड्याच्या मातींतून कादंबरी काढावयास पुण्याचा कोणी येणार नाहीं. तेव्हांचे आमचे कुणबी काय पेरीत होते, दोन फौजांच्या मध्यें सांपडून कसे जगत होते, हें लिहिणारा आपल्यांतला हात कोठें आहे? मी स्वतः पांच वेळां कागद घेऊन बसलों. दुसऱ्याच पानावर एक राजकन्या येऊन उभी राहते! एवढा ह्या माणसाचा आमच्यावर पगडा.

त्या सातवीच्या पोरीला मीं रामाजी अनंताचें पत्र उतरवून दिलें. तिनें तें घरीं बापाला वाचून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं बाप शाळेंत आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, व्याज घेऊं नका असं राजानं लिवलंय ते खरं का पोरीनं तिच्या मनानं वाचलं?" मीं छापील पुस्तक त्याच्यापुढें उघडून धरलें. अक्षरांवर बोट ठेवून त्यानें तें दोनदां वाचलें.

आतां तालुक्यांतल्या व जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांच्या चालकांस माझें जाहीर विचारणें आहे. आपल्या कपाटांत 'गड आला पण सिंह गेला'च्या प्रती किती, केळूसकरांच्या चरित्राच्या किती, आणि महाराजांच्या अस्सल पत्रांचें पुस्तक आहे कीं नाहीं? उत्तरें येतील तीं संपादकांनीं नांवानिशीं छापावीं. न येतील त्यांचींहि नांवें छापावीं.

आपला,
एक मास्तर,
बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी