फळा कोणी पुसायचा?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. संगणकाच्या नोकरीत असलेल्या भाच्याकडून हे प्रकरण समजून घेतलं आणि त्यावर माझं ठाम मत बनलं, म्हणून लिहितोय.

‘हायपरव्हायजर’ नावाचा एक प्रोग्राम असतो. एकच मोठा संगणक तो अनेकांना वाटून देतो आणि प्रत्येकाला वाटतं, आख्खं यंत्र आपलंच! वर्गखोल्या वाटून देणारा मुख्याध्यापकच म्हणा ना. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेला, २००३ साली जगापुढे आलेला ‘झेन’ हा त्यातला नावाजलेला. ॲमेझॉनची संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरुवातीची अनेक वर्षं याच झेनवर चालली. असली केंद्रं २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत सुरू केली. म्हणजे हा काही सातासमुद्रापलीकडचा विषय राहिलेला नाही.

आता मुद्दा. संगणकाच्या मेमरीची छोटी छोटी पानं असतात, साधारणपणे ४०९६ बाइटचं एक. एक टेराबाइट मेमरी म्हणजे २६ कोटी ८४ लाखांहून जास्त पानं! यंत्र सुरू होताना झेन त्यातली मोकळी पानं पुसून काढतो. मोठ्या यंत्रात याला वेळ लागतो, म्हणून हे पुसणं बंद करण्याची सोयही ठेवलेली आहे. माझं म्हणणं, ती सोय वापरू नये.

कोणी म्हणेल, वीज गेली की मेमरी आपोआप कोरी होते, मग पुसायचं कशाला? पण यंत्र पुन्हा सुरू होताना दर वेळी वीज जातेच असं नाही. शिवाय वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गार केली तर आणखी टिकतो, हे २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप असा, की भाडेकरू जाताना त्याची पानं झेन पुसतोच की! पुसतो, पण रीतसर गेला तर. झेनच मध्येच कोलमडला तर कोण पुसणार? सकाळच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर फीमाफीच्या मुलांची नावं लिहिली आणि तेवढ्यात त्यांना घाईने बाहेर जावं लागलं, असं समजा. दुपारच्या शाळेची पोरं येऊन बसली की आधी फळा वाचणार. खडू हातात येईपर्यंत कोणाच्या घरी अडचण आहे ते साऱ्या गावाला कळलेलं असेल. संगणकाच्या पानांवर तर पासवर्ड असतील, दवाखान्याचे रिपोर्ट असतील, बँकेची खाती असतील. ज्याचं नाव फळ्यावर राहिलं त्याला तर पत्ताही लागत नाही.

आणि वेळेची सबब आता फारशी उरलेली नाही. २०१५ च्या आवृत्तीत झेनने हे काम अनेक प्रोसेसरांना वाटून दिलं. पुढे त्याहून शहाणी युक्ती आली. यंत्र लगेच सुरू करायचं, पानं रिकाम्या वेळात मागे पुसत राहायची, पण न पुसलेलं पान कोणाच्याही हाती द्यायचं नाही. सगळी शाळा झाडून होईपर्यंत मुलांना उन्हात उभं करायचं नाही. ज्या वर्गात बसवायचं, त्याचा फळा मात्र आधी पुसलेला हवा. मला ही तडजोड मनापासून पटली.

नवीन येणाऱ्याने स्वतःच पुसून घ्यावं, हे मात्र मला मान्य नाही. तो प्रामाणिक असेलच याची हमी कोण देणार? खोली जो देतो, पुसण्याची जबाबदारी त्याचीच.

असो. यातलं जास्त कळणाऱ्यांनी आपलं मत जरूर कळवावं.