संगणकाचा धूर

धुराडे नाही, धूळ नाही, नदीत लाल गाळ उतरत नाही, म्हणून संगणकाचा धंदा हा निर्मळ धंदा, अशी समजूत आपल्याकडे दृढ होऊन बसली आहे. डिचोली-सांग्याच्या रस्त्यांवरून खनिजाच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आणि २०१२ साली खाणी बंद झाल्यावर ज्यांच्या घरची चूल मंदावली, त्या गोमंतकीयांनी आपल्या मुलांना संगणकाकडे वळवावे आणि शासनाने ‘प्रदूषणविरहित उद्योग’ म्हणून त्याला पायघड्या घालाव्यात, यात नवल नाही. परंतु निर्मळ कोणासाठी, हा प्रश्न विचारण्याचे आपण टाळले. गोव्यात सांगण्याजोगी वीजनिर्मिती होत नाही. आपल्या वाट्याची वीज मुख्यतः कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या कोळसा-केंद्रांतून येते. पाटोवरच्या कचेरीत संगणक चालतो, त्याची राख छत्तीसगडात पडते. २०२० साली तमनारच्या वीजवाहिनीसाठी मोलेच्या अरण्यातील झाडांवर कुऱ्हाड येणार असे दिसताच आपली तरुण पिढी हिरिरीने पुढे आली, त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण त्यांपैकी जे संगणकावर पोट भरतात, त्यांनी तरी आपल्या मेजावरचे यंत्र आणि त्या तारा यांचा संबंध मनाशी जोडला होता काय?

हा दोष एकट्या गोव्याचा नव्हे. बंगळूर असो, ढाका असो वा नैरोबी, आपल्यासारख्या देशांतील संगणक-कर्मचारी पर्यावरणाविषयी उदासीन आहे असे आम्ही म्हणत नाही. वृक्षारोपणाला तो येतो, किनारा साफ करायला येतो. त्याचे अज्ञान नेमके त्याच्याच व्यवसायाविषयी आहे. स्क्रीन सेव्हरचेच पाहा. पूर्वीच्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र सतत राहिल्यास त्याचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी ही हलती चित्रे निघाली. विजेशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही ‘सेव्हर’ या शब्दाला भुलून, पडद्यावर मासे पोहू लागले की वीज वाचते, असे मानणारे शिकलेसवरलेले लोक आजही भेटतात. काम नसताना यंत्राने आपोआप झोपावे, ही सोय निराळी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ची खूण सुरू केली तेव्हापासून ती रुळली. आणि कित्येक कचेऱ्यांतून पहिली कोणती गोष्ट बंद केली जाते, तर हीच झोप. कारण सकाळी यंत्र जागे व्हायला काही क्षण लागतात!

समजा, एका कचेरीत शंभर संगणक आहेत आणि सायंकाळी साडेपाचपासून सकाळी साडेनऊपर्यंत ते तसेच चालू ठेवले आहेत. निष्क्रिय यंत्र पडद्यासह पन्नास वॅट खात असेल, तर एका रात्रीत ८० युनिट जळाले. आपल्या औष्णिक केंद्रांत एका युनिटला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. म्हणजे कोणी काहीही काम केलेले नसताना रात्रीत अर्ध्या क्विंटलहून अधिक कोळसा खाक झाला. एखाद्या कारकुनाने कचेरीच्या अंगणात रोज एवढा कोळसा पेटवला असता, तर त्याला मेमो मिळाला असता.

या माणसाला दोष देऊन मात्र भागणार नाही. विजेचे बिल लेखा शाखेकडे जाते, यंत्राची खरेदी भांडार शाखा करते आणि जुने यंत्र कोठे जाते ते कोणालाच ठाऊक नसते. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्यापुढे हिशेब कधी येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवी अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय अनिवार्य झाला खरा, पण विद्यार्थी तेथे ओझोनचा थर आणि व्याघ्रप्रकल्प शिकतो, प्रोग्रामिंग दुसऱ्या तासाला शिकतो, आणि हे दोन तास एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. हैदराबादजवळच्या पोचारम येथे इन्फोसिसने एकाच इमारतीचे दोन भाग करून पाहिले. एकात नेहमीचे वातानुकूलन, दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गार पाणी. दुसऱ्या भागाला गारव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. प्रयोग वाखाणण्यासारखा आहे. परंतु इमारत शहाणी झाली म्हणून तीत बसून लिहिला जाणारा प्रोग्राम शहाणा होत नाही. गरज नसताना दर सेकंदाला दूरच्या संगणकाचे दार ठोठावणारा प्रोग्राम लिहिणारा हातही वीजच जाळत असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा दीड टक्का होय.

श्रीमंत देशांनी उधळपट्टी करायची आणि काटकसर आम्ही शिकायची काय, असा सवाल यावर केला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. पण त्याचे उत्तर दिल्लीच्या सीलमपुरात जाऊन शोधावे. तेथे फुटक्या संगणकांच्या पाट्या आम्लात बुडवून तांबे काढतात, तारा जाळतात, आणि हे करणाऱ्यांत बायकामुलेही असतात. घानाच्या आक्रा शहरातील अग्बोग्ब्लोशीचा असाच भंगारतळ २०२१ साली सरकारने हटवला. धंदा आसपासच्या वस्त्यांत पांगला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातील अवघ्या २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उधळपट्टी कोणाचीही असो, शिसे शेवटी गरिबाच्याच फुप्फुसात जाते.

शिवाय काटकसर ही काही आपण परक्यांकडून शिकण्याची विद्या नव्हे. रेडिओ तीनदा दुरुस्त करून वापरणारी पिढी अजून आपल्यात आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो कारखान्यात घडतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून तो दोन वर्षे अधिक चालवणे हेच पहिले पुण्यकर्म. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला देऊ केलेला आधार संपला आणि धडधाकट यंत्रे केवळ नव्या आवृत्तीच्या अटीत बसत नाहीत म्हणून म्हातारी ठरली. केरळच्या शाळांनी लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर संगणक चालवून दाखवले आहेत. ही वाट आपल्या शाळा-कचेऱ्यांना का चोखाळता येऊ नये?

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने वरील ऐंशी युनिटांचे गणित पहिल्याच वर्षी मुलांकडून सोडवून घ्यावे. कंपन्यांनी विजेचा मासिक आकडा प्रत्येक विभागाला कळवावा. सरकारी निविदेत किमतीबरोबर यंत्राच्या दुरुस्तीची हमी किती वर्षांची, हेही पाहिले जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार मोठ्या ग्राहकांनी ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच सोपवला पाहिजे, भंगारवाल्याच्या लिलावात नव्हे. शासकीय खात्यांतून गेल्या तीन वर्षांत बाद झालेले संगणक नेमके कोणाच्या हाती गेले, याची खातेवार यादी शासनाने येत्या अधिवेशनात विधानसभेपुढे ठेवावी, अशी आमची मागणी आहे.