वीतभर तार

लिफ्ट बंद पडते. मेकॅनिक येतो, मशीन रूममध्ये जातो आणि दहा मिनिटांत लिफ्ट सुरू होते. सोसायटी खूश. पॅनेलमध्ये दोन टर्मिनलांच्या मध्ये वीतभर तार नव्याने आली आहे, हे पाहायला वर कोणी जात नाही.

लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला लॉक असते. त्याचा आकडा खाचेत नीट बसला, की विजेचा कॉन्टॅक्ट जुळतो. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकामागून एक जोडलेले असतात. त्यातला एक सुटला तरी लिफ्ट जागची हलत नाही. हे उत्तमच. पण जुन्या लिफ्टच्या पॅनेलला सर्किट तुटल्याचे कळते, कोणत्या मजल्यावर तुटले ते कळत नाही. पावसाळी हवेने एक कॉन्टॅक्ट गंजला, की सगळेच मजले तपासत बसायचे. इकडे म्हातारी माणसे तळमजल्यावर ताटकळलेली, सेक्रेटरीचे फोनवर फोन. मग ती तार लावून लॉकचे सर्किट शॉर्ट केले जाते. ‘उद्या येऊन काढतो’ म्हणून लावलेली तार महिनोन्‌महिने तशीच राहते.

त्यानंतर दार उघडे असले तरी लिफ्ट चालते. त्यात एखाद्या मजल्यावरचा आकडा झिजलेला असेल, तर लिफ्ट वर निघून गेलेली असताना खालचे दार हाताने उघडते. माणूस सवयीने पाऊल आत टाकतो. समोर लिफ्ट नसते.

युरोपच्या ईएन ८१-२० या २०१४ च्या मानकाने हा मोह ओळखला. दुरुस्तीसाठी लॉक वगळावेच लागले तर पॅनेलमध्ये त्यासाठी ठरलेलाच स्विच हवा. तो फिरवल्यावर नेहमीची वाहतूक बंद राहते आणि लिफ्ट हलताना घंटा वाजते, दिवा लुकलुकतो. म्हणजे लॉक वगळले आहे, हे लपून राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत नेमके तेच लपते.

बिनतारी सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे. प्रत्येक लॉकवर एक छोटा ट्रान्समीटर बसवायचा. तो आपल्या मजल्याची स्थिती क्षणाक्षणाला कळवेल. डक्टमध्ये नवी वायरिंग ओढायला नको, त्यामुळे जुन्या लिफ्टलाही तो बसेल. सर्किट म्हणते ‘सगळे बंद’ आणि चौथ्या मजल्याचा सेन्सर म्हणतो ‘उघडे’, असे झाले की कुठेतरी तार लावलेली आहे हे उघड होते. लिफ्ट तिथेच थांबली पाहिजे. बिघाडाचा मजलाही आपोआप कळतो, म्हणजे तार लावायचे निमित्तच उरत नाही.

अटी मात्र कडक हव्यात. सेन्सरने दाराची फळी पाहून भागणार नाही, लॉकचा आकडा पाहिला पाहिजे. लोटलेले दार म्हणजे लॉक झालेले दार नव्हे. काँक्रीट आणि लोखंडाच्या डक्टमध्ये सिग्नल अडतो, बॅटरी संपते. सिग्नल आला नाही तर दार उघडेच आहे असे मानून लिफ्ट थांबवायची. ‘रेंज नाही, पण चालू दे’ ही सवलत दिली, तर ती नवी तारच ठरेल. आणि आधीचे तारांचे सर्किट काढायचे नाही. सेन्सर त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी आहे, त्याची जागा घेण्यासाठी नाही.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा लिफ्ट कायदा केला. लॉक कधी, किती वेळ वगळले याची आपोआप होणारी नोंद सरकारने त्या कायद्याखाली सक्तीची करावी. ती देखभाल कंपनीकडेच न राहता लिफ्ट निरीक्षकाला आणि सोसायटीला दिसावी. तोवर सोसायट्यांनी एवढे करावे: लिफ्ट सुरू झाली की मेकॅनिकला सही करू देण्याआधी विचारावे, कोणत्या मजल्याचा कॉन्टॅक्ट बदलला? जुना कॉन्टॅक्ट हातात मागून घ्यावा. तो मिळाला नाही, तर पॅनेल उघडून दाखवल्याशिवाय लिफ्ट वापरात घेऊ नये.