पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणा

मुख्याध्यापक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालकहो,

जून तोंडावर आला आहे. कोणती तुकडी खाली बसणार आणि कोणती वर, हे येत्या काही दिवसांत तुमच्या शाळेत ठरेल. एकदा ठरले की वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून आत्ताच विनंती करते : तुमच्या शाळेत जिना चढणे जड जाणारे एखादे मूल असेल, तर त्याची अख्खी तुकडी तळमजल्यावर घ्या. याला ना निधी लागतो, ना निविदा.

घाई कशासाठी, तेही सांगते. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा जनुकीय आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन शरीरात तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. पहिली-दुसरीतला असा मुलगा शर्यतीत मागे पडतो, उगाचच धडपडतो, खाली बसला की स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठतो. त्याला आळशी म्हणून बोलणी बसतात. औषधोपचारांनी थोडी मुदत वाढते, पण दहा-बारा वर्षांच्या आसपास बऱ्याच जणांचे चालणे थांबते. आपल्याकडच्या कित्येक शाळांत पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर जातो, तोही नेमका याच वयात.

"पोरं नेतील की उचलून," असे उत्तर हमखास मिळते. पोरांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या मुलाच्या खांद्यांत जोर नसतो. काखेत हात घालून उचलले की तो हातांतून खाली निसटतो. जिन्यात पडून मांडीचे हाड मोडले, तर हाड जुळते. पण अंथरुणात गेलेल्या त्या आठवड्यांनंतर तो पुन्हा उभा राहील याची खात्री नसते. आणखी एक गोष्ट शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. शौचालयापर्यंत जाता येत नाही म्हणून ही मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डब्याबरोबर दिलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येते.

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफीचाच दुसरा, सावकाश वाढणारा प्रकार आहे. आधी जिना सुटला, मग चालणे. आता हात खांद्याच्या वर जात नाही. तरी मी नोकरी करते, घरखर्चात वाटा उचलते, नाटकांना जाते, आणि हे आवाहन फोनला बोलून लिहून घेते आहे. सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेले की "साहेब वर बसतात" असे ऐकावे लागते. मग मी साहेबांना खाली बोलावते. बहुतेक वेळा ते येतात. हिमाचलातल्या सोलनमध्ये संजना गोयल यांनी स्वतःला मस्क्युलर डिस्ट्रॉफी असताना याच रुग्णांची देशपातळीवरची संघटना बांधली. स्नायू हरत असतानाही माणूस कामाचा राहतो. मात्र त्यासाठी लहानपणी शाळा सुटता कामा नये.

वाढत्या अपंगत्वात "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य फार महाग पडते. बाकीच्या मुलांचे वर्ष वाया गेले तर भरून काढता येते. या मुलाने यंदा जे केले नाही, ते पुढच्या वर्षी करता येईलच असे नसते. म्हणून त्याला आज काय जमते एवढेच पाहू नका. वर्षभराने काय लागेल त्याची तयारी आज करा.

एवढे तरी करा :

• तुकडी खाली आणा. त्या एकट्या मुलाला वेगळ्या खोलीत बसवू नका.

• रॅम्प बांधताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. घसरगुंडीसारखा उभा रॅम्प उद्घाटनाच्या फोटोपुरताच कामाचा.

• एका शौचालयाचे दार व्हीलचेअर जाईल इतके रुंद करा, ते बाहेर उघडू द्या आणि आत धरायला दांडा बसवा.

• सहल आणि स्नेहसंमेलन ठरवताना त्याला आधी विचारा. खेळाच्या तासाला गुण मोजायला तरी मैदानात न्या. वर्गात दप्तरे राखायला बसवू नका.

• लिहिताना हात थकत असेल, तर परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचे अर्ज वेळेत भरा.

हे उपकार नव्हेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते 21 झाले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव त्यात आले. अनुदानित असो वा केवळ मान्यताप्राप्त, प्रत्येक शाळेने इमारत सुगम्य करावी आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असे कलम 16 सांगते. सुगम्यतेचे नियम शिफारशीपुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले आहे.

पालकांनो, "आमच्यामुळे शाळेला त्रास नको" म्हणून गप्प बसू नका. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. आजार वाढला की फेरतपासणी करून घ्या. तळमजल्याची मागणी तोंडी नको, लेखी करा आणि अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. आणि ज्यांची मुले धडधाकट आहेत, त्यांनीही त्या अर्जावर सही करावी. एका पालकाचा अर्ज फाइलीत पडून राहतो. चाळीस पालकांच्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते.